शाडूची काळीपिवळी

लोक गाडी बघतात. मेस्त्री गाडी चाचपतो.

रस्त्याच्या कडेला नवी गाडी उभी दिसली की हा माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, दोन्ही तळवे लेंग्याला पुसतो, डोळे मिटतो आणि बॉनेटवरून हात सावकाश खाली आणतो. बाजारात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवतात ना, अगदी तसा. गाडीत मालक बसलाय की नाही, हे ह्याच्या गावीही नसतं. एकदा करी रोडच्या टॉवरखाली असंच चाललं होतं. आत बसलेल्या बाईंनी काच खाली केली आणि ओरडल्या, "ए, काय करतोस?"

मेस्त्री डोळे न उघडता म्हणाला, "बाये, जरा थांब, मडगार्डार इलंय."

गाडीचा भोंगा सुरू झाला, वॉचमन धावत आला, माणसं जमली. मी भाजी घेऊन येत होतो. वॉचमनने मेस्त्रीची कॉलर धरली होती आणि मेस्त्री त्याला सांगत होता की ह्या गाडीच्या मागच्या बाजूला कंपनीने घाई केलीय. मी मध्ये पडलो.

"चोर है क्या ये?" वॉचमनने मला विचारलं.

"चोर होता तो गाडी ले जाता," मी म्हटलं. "ये खाली शेप ले जाता है."

त्याला काही कळलं नाही. पण मी म्हातारा, मेस्त्री माझ्याहून म्हातारा दिसणारा, म्हणून सोडून दिलं. चाळीत पोचेपर्यंत मेस्त्री एका विचित्र अवतारात चालला. दोन्ही हात पुढे, बोटं वाकवलेली, जसं काही गरम भांडं धरलंय. जिन्यात एक पोरगी म्हणाली, "मेस्त्रीकाका, हातात काय?" तर म्हणाला, "सरक, बॉनेट आसा." खोलीत जाऊन तसेच हात त्याने शाडूच्या गोळ्यावर टेकले, मगच श्वास सोडला.

सुभाष मेस्त्री. लालबागची आमची चाळ, दुसरा मजला, मोरीच्या बाजूची खोली. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय होते ते नालासोपाऱ्याला गेले. आधी शिवडीला एका कारखान्यात लाकडाचे साचे करायचा. तो कारखाना बंद झाला तेव्हा गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, साचे करायला लागला. बोलणं अजून कणकवलीचं आहे, मुंबईचं पाणी त्याला लागलंच नाही. त्याला लागून माझी खोली. मी कदम. सातवीपर्यंत शिकलो आणि उभा जन्म काळीपिवळी टॅक्सी चालवली. लिहिण्याचा माझा संबंध म्हणजे गाडीच्या मागे 'हॉर्न ओके' रंगवण्यापुरता. पण मेस्त्रीबद्दल कोणीतरी लिहिलं पाहिजे आणि दुसरा कोणी लिहिणार नाही.

आता त्याचा धंदा सांगतो. हातात रिमोट धरून पळवायच्या गाड्या असतात. हातभर लांब. खाली मोटर, बॅटरी, चाकं. वर पातळ प्लास्टिकची बॉडी. मला वाटायचं पोरांचं खेळणं. नाही. चांगली नोकरीवाली, पोटं सुटलेली माणसं खेळतात. बॉडी दुकानात मिळते, पण ती बाहेरच्या देशातल्या गाड्यांची. एखाद्याला वाटलं की आपल्या रस्त्यावरची गाडी हवी, बापाची जुनी जीप हवी, शाळेत सोडायची ती व्हॅन हवी, तर ती कुठे मिळणार? ती मेस्त्रीकडे.

तो आधी शाडूची गाडी करतो. तिच्यावर प्लास्टर ओतून साचा काढतो. त्या साच्यात कडक प्लास्टर ओतलं की गाडीच्या आकाराचा ठोकळा मिळतो. मग प्लास्टिकचा पारदर्शक पत्रा चौकटीत आवळायचा, विजेच्या शेगडीवर धरायचा. पत्रा तापला की मधोमध खाली लोंबतो, ओल्या पापडासारखा. त्या क्षणाला तो उचलून ठोकळ्यावर मारायचा आणि खालून व्हॅक्यूम क्लीनर चालू करायचा. ठोकळ्याला बारीक भोकं असतात. हवा खाली ओढली गेली की पत्रा ठोकळ्याला असा काही बिलगतो की दाराच्या फटीसुद्धा उमटतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडातली तंबाखू गिळली.

सगळ्या मजल्यावर व्हॅक्यूम क्लीनर एकट्या मेस्त्रीकडे आणि सगळ्यात घाण खोलीही मेस्त्रीचीच. त्या मशीनने त्याने आजवर कणभर कचरा ओढलेला नाही. आमची शालन, म्हणजे माझी बायको, एकदा मागायला गेली होती, दिवाळीची झाडलोट होती म्हणून. मेस्त्रीने तिच्याकडे असं बघितलं जसं काही तिने देवाचा शंख पाणी प्यायला मागितला.

रंगसुद्धा उलटा. बॉडी पारदर्शक, म्हणून रंग आतून मारायचा. जे सगळ्यात वर दिसायला हवं ते आधी, आणि मोठा रंग शेवटी. मी म्हटलं, "मेस्त्री, आम्ही गाडी बाहेरून रंगवायचो." तर म्हणाला, "म्हणून तुमच्या गाड्यांचो रंग जाता."

पण सगळ्यात मोठी भानगड सुटण्याची. पत्रा बिलगला, गार झाला, आता तो ठोकळ्यावरून वर निघाला पाहिजे. ठोकळा कुठे आत दबलेला असला, आणि खाली परत बाहेर आलेला असला, तर पत्रा त्या खाचेत शिरतो आणि अडकतो. मग एक तर बॉडी फाडा, नाहीतर ठोकळा फोडा. म्हणून मेस्त्रीचा जगाला एकच प्रश्न. "सुटतला काय?"

हा प्रश्न तो गाडीलाच विचारतो असं नाही. त्याच्या मते बादलीसारखी वस्तू नाही. खाली निमुळती, वर रुंद. एकीत एक बसते आणि ओढली की सुटते. इडली त्याला देवाघरची वाटते. कळशीवर मात्र त्याचा राग. "पोट मोठा, गळो बारीक. आत गेला ता गेला." आमच्या मजल्यावर तांब्याची कळशी आणली की शालन ती मुद्दाम त्याच्या दारावरून मिरवत न्यायची.

परळला एका लग्नात आम्ही पंगतीची वाट बघत बसलो होतो. स्टेजवर फोटो चालले होते. मेस्त्री बराच वेळ नवऱ्याकडे बघत होता. मग माझ्याकडे वाकून म्हणाला, "हो नवरो सुटाचो नाय."

मी घाबरलो. म्हटलं पोराचं काहीतरी लफडं ह्याच्या कानावर आलंय. "का रे? काय झालं?"

"नाक बघलंस? शेंड्याक खाली वळलेला. साचो काढूचो म्हटलो तर नाक तुटात."

पुढच्या खुर्चीवर नवऱ्याची आत्या होती. आम्ही जेवायला थांबलो नाही.

शालनचं आणि त्याचं भांडण चाळभर प्रसिद्ध होतं. हा उरलेलं प्लास्टर मोरीत धुवायचा. ते पाईपमध्ये जाऊन घट्ट बसायचं आणि मजल्यावर पाणी तुंबायचं. शालन पदर खोचून त्याच्या दारात. "मेस्त्री, तुमच्या त्या मेल्या गाड्या घाला चुलीत! आमची मोरी काय तुमचा साचा आहे?" तर तो शांतपणे पाईप खोलायचा, आतून प्लास्टरची लांब कांडी ओढून काढायचा, आणि तिला दाखवायचा. "बघ गो, कसो सुटलो. एक टवको नाय." ती तोंड फिरवून जायची आणि संध्याकाळी त्याच गॅलरीतून बांगड्याच्या तिखल्याची वाटी त्याच्या खिडकीत ठेवायची. तिच्या जुन्या सुती साड्या फाडून त्याला तीच द्यायची. शाडू ओला राहायला वर ओलं फडकं टाकावं लागतं आणि सुती फडकं पाणी धरतं, हे तिला माझ्या आधी ठाऊक होतं.

शालन गेली. त्याच्या थोडं आधी माझी टॅक्सी गेली होती, वय संपलं म्हणून भंगारात. गाडी तोडली ते मी बघितलं, तेव्हा शालन बाजूला उभी होती. शालन गेली तेव्हा बाजूला गाडी नव्हती, खाली जाऊन बसायला. मग मी खोलीतच बसलो. प्रकाश, आमचा मुलगा, डोंबिवलीला असतो. तो म्हणाला, "बाबा, तिकडे चला." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

मेस्त्री भेटायला आला तो भात घेऊनच. रोज दुपारी ताटलीवर वाटी पालथी घालून भात आणायचा. माझ्यासमोर ती वाटी उचलायचा. भात वाटीच्या आकाराचा उभा.

"बघ," म्हणायचा, "एक शीत चिकटला नाय."

आता बाईमाणूस गेलेल्या घरात हे काय बोलणं झालं? पण मी जेवायचो. तो भात मोडायला हात आपोआप पुढे जायचा.

असे दिवस चालले होते आणि एक दिवस केतन आला. केतन म्हणजे त्याचं गिऱ्हाईक, टॉवरमध्ये राहणारा, बिल्डिंगांचे नकाशे काढणारा. भला माणूस. प्लास्टिकचा पत्रा तापवायच्या आधी सुकवून घ्यावा लागतो, नाहीतर त्यात बुडबुडे येतात, हे मेस्त्रीला त्यानेच शिकवलं. त्याच्या आधी मेस्त्रीच्या सगळ्या गाड्यांना देवी आल्यासारखे फोड यायचे आणि तो शेगडीला शिव्या द्यायचा. केतनला काळीपिवळी हवी होती. लहानपणी आजोबांबरोबर गिरगावात ज्या टॅक्सीत बसायचा ती, जुन्या वळणाची. छप्पर पिवळं, खाली काळी.

मेस्त्रीची पंचाईत झाली. ती गाडी आता रस्त्यावर राहिली नाही. चाचपणार काय? केतनने फोटो आणून दिले, मापं आणून दिली. मेस्त्रीने मापं बाजूला ठेवली, फोटोवर हात फिरवून बघितला, सपाट लागला. मग माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"कदमा, तू गाडी रोज धुयत होतंस मां?"

"रोज. का?"

"मगे तुज्या हाताक ठावक आसतला. चल."

"मेस्त्री, मला तुझ्यातलं काय कळत नाय."

"तुका कळूची गरज नाय. हात घेवन ये."

मी त्या दिवशी किती काळाने दुसऱ्याच्या खोलीत पाऊल टाकलं. पाटावर शाडूची गाडी होती, शालनच्या निळ्या साडीच्या फडक्याखाली. फडकं काढलं. गाडी टॅक्सीसारखी होती आणि नव्हती. एखाद्या ओळखीच्या माणसाचा भाऊ बघावा तशी.

मी म्हटलं, "फडकं दे." त्याने ओलं फडकं दिलं. मी जशी गाडी धुवायचो तशी धुवायला सुरुवात केली, आधी छप्पर, मग काच, मग बॉनेट. दोन हातांत बॉनेट फडक्यावर आलं. मेस्त्री किंचाळला, "शाडू आसा रे! पत्रो नाय!" मग अंगठ्याने धुवायचं ठरलं. कोरड्या अंगठ्याने, पण धुतल्यासारखं. आणि सांगतो काय, अंगठ्याला सगळं ठाऊक होतं. छप्पर मागे जाताना जरा फुगतं, तिथे अंगठा हवेत राहिला. म्हटलं, "इथं पोट कमी आहे." त्याने शाडू लावला. परत अंगठा फिरवला. आता बसला. मला इंच नाही सांगता येणार. पण ह्या छपरावर मी उभ्या जन्मात जेवढा हात फिरवला तेवढा दुसऱ्या कशावर नाही.

रोज सकाळी जायला लागलो. दाढी करून जायचो, का कोण जाणे. प्रकाशचा फोन आला की सांगायचो, आज बॉनेट झालं, आज डिकी झाली. एकदा त्याने सरळ विचारलं, "बाबा, यायचं काय ठरवलंत?" फोनचा आवाज मोठा असतो माझ्या, ऐकायला कमी येतं म्हणून. मेस्त्री समोर चहा पीत होता. मी म्हटलं, "मेस्त्रीचं काम हातात घेतलंय. ही गाडी झाली की येतो."

"नक्की?"

"नक्की. गाडी झाली की दुसऱ्या दिवशी."

मेस्त्रीने बशी खाली ठेवली. "झील बरो आसा तुजो," म्हणाला. "जा. जाऊकच व्हया." आणि मग उठून उगाच शेगडी पुसायला लागला. शेगडी त्याने जन्मात पुसली नव्हती.

मग भांडण झालं. डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर माझा अंगठा फिरला की तिथे खड्डा पडायचा. मेस्त्री बुजवायचा, मी फिरवला की परत पडायचा. शेवटी त्याने माझा हात धरला. "हय खड्डो कित्याक करतंस?"

मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "तो खड्डा नाय. तिथं शालन आहे."

शालनला गाडी शिकायची होती. एका रविवारी सकाळी शिवडीला घेऊन गेलो, गोडाऊनच्या बाजूला, रस्ता मोकळा. बाई अशी चालवत होती की मी मनात म्हटलं आता आपण मागे बसून पान खायला हरकत नाही. तेवढ्यात खाडीतल्या चिखलात ती गुलाबी पाखरं दिसली, उंच पायांची. शालन म्हणाली, "अगंबाई!" आणि खांबावर गेली. डावं मडगार्ड, मीटरच्या खाली. उतरली, खड्डा बघितला, आणि मला म्हणाली, "खांब मध्ये आला." मी तो खड्डा कधी काढला नाही. पॅसेंजरने विचारलं तर सांगायचो, मिसेसची सही आहे. सकाळी धुताना फडकं तिथे आत जायचं आणि बाहेर यायचं. शेवटपर्यंत.

मेस्त्रीने ऐकून घेतलं. मग मडगार्ड न्याहाळलं, मान हलवली. "ह्यो सुटाचो नाय."

"म्हणजे?"

"आत दबलेलो आसा. पत्रो आत शिरलो की अडाकलो. आणि केतनाक खड्ड्याची गाडी नको. बुजवूकच व्हयो."

"एक तुकडा वेगळा कर. तूच सांगतोस ना, काही मेस्त्री तुकड्यांचे ठोकळे करतात. खड्ड्याचा तुकडा नंतर आतून काढायचा."

तसं करता येतं. पण मेस्त्रीने ते कधी केलं नव्हतं. त्याच्या हिशोबाने ती नापासांची युक्ती. "तुकडो लावणारो मेस्त्री म्हणजे चपलेक खिळो मारणारो," म्हणाला. "माजो ठोकळो अख्खो आसता."

मी उठलो. "मग ती माझी गाडी नाय. बुजव खुशाल. आणि भात आणू नको."

नवरात्र सगळं आमच्या अबोल्यात गेलं. भात यायचा, खिडकीत. वाटी पालथीच. मी खोलीत बसून भिंतीपलीकडचा आवाज ऐकायचो. शेगडी, व्हॅक्यूम क्लीनर, परत शेगडी. मग एका सकाळी तो दारात आला. हातात बोटाच्या पेराएवढा प्लास्टरचा तुकडा. माझ्यासमोर धरला. त्याला एका बाजूला माझ्याच अंगठ्याचा खड्डा होता, बुजवायच्या आधी काढून ठेवलेला, आणि कड अशी तासलेली की दुसऱ्या कशात तरी नेमकी बसावी.

"चल," म्हणाला. "शाडूची नवी काढलंय, त्याच साच्यातून. खड्डो तू कर. माका जमना नाय."

मी गेलो. खड्डा केला. पहिल्या फिरवण्यात झाला. मेस्त्रीने त्यावर स्वतःचा अंगठा फिरवला, डोळे मिटून, आणि म्हणाला, "बरी चलवत होती बाये."

एवढं झाल्यावर गाडी संपायला हवी होती. पण आता छप्पर बिघडायला लागलं. गंमत बघा, छप्पर आम्ही सगळ्यात आधी केलेलं. ते बरोबर होतं. तरी सकाळी फडकं काढलं की छप्पर मागे चपटं. मी पोट वाढवायचो, मेस्त्री शाडू द्यायचा, दुपारपर्यंत जमायचं. दुसऱ्या दिवशी परत चपटं.

"असं कसं होतंय मेस्त्री?"

"शाडू बसता रे. टॉवराचे हादरे. दिसभर ठोकतत."

मागे नवा टॉवर होतोय, त्याचे हादरे खरेच बसतात. मला पटलं. नंतर एकदा म्हणाला मांजर बसलं असेल. मी म्हटलं, मांजर रोज त्याच जागी बसतं? तर म्हणाला, "माजराक सवय आसता." मला तेही पटलं. मला इतकी वर्षं पॅसेंजरने काहीही सांगितलं तरी पटायचं.

प्रकाशचा फोन आला की मी सांगायचो, छप्पर बसत नाही अजून. तो वैतागायचा. "बाबा, एक खेळण्यातली गाडी!"

परवाच्या रविवारी मी मासे आणायला गेलो होतो. बाजारातून बाहेर पडताना केतन भेटला. हातात मोठी पेटी. पाया पडायला वाकला, मी म्हटलं राहू दे, हाताला मासळीचा वास आहे.

"काका, तुम्ही आला नाहीत बघायला? मेस्त्रीकाकांना किती वेळा म्हटलं, तुम्हाला घेऊन या."

"काय बघायला?"

"टॅक्सी! सुसाट पळते."

"कुठली टॅक्सी?"

तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मला त्याने टॉवरवर नेलं. पार्किंगच्या वर त्यांनी पटांगण केलंय, हिरवी गादी घातलेलं. तिथे चार-पाच जण रिमोट घेऊन उभे होते. केतनने पेटी उघडली आणि गाडी खाली ठेवली.

काळीपिवळी. हातभर लांब. मी खाली बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो. छपरावर अंगठा फिरवला. मागे जाताना फुगतं ते बरोबर फुगलेलं. जरासुद्धा कमी नाही, जास्त नाही. डावं मडगार्ड गुळगुळीत.

"छप्पर तुम्ही केलंत, मेस्त्रीकाका सांगत होते," केतन म्हणाला. "ते कदमांचं छप्पर आहे, म्हणाले. नवरात्रीतच दिली मला. दिवाळीत सगळ्यांना दाखवली."

म्हणजे आमचा अबोला होता तेव्हाच. ती शेगडी, तो व्हॅक्यूम क्लीनर. गाडी झाली होती. गिऱ्हाईकाच्या हातात गेली होती, पळत होती. आणि त्यानंतर दिवाळी गेली, थंडी आली, आणि मी अजून रोज सकाळी दाढी करून छप्पर बसवायला जात होतो. हादरे नव्हते आणि मांजरही नव्हतं. मी गेल्यावर छप्पर चपटं करणारा माणूस एकच होता, आणि गाडी झाली की मी डोंबिवलीला जाणार हे त्याने चहा पिताना स्वतःच्या कानाने ऐकलं होतं.

केतनने गाडी पळवली. मी बघितली. चांगली पळत होती, वळणावर जरा कलंडायची, आमची पण कलंडायची.

चाळीत आलो. मासे खोलीत ठेवले आणि मेस्त्रीकडे गेलो. तो पाटासमोर बसलेला. निळं फडकं अजून गाडीवर होतं. मला बघून म्हणाला, "उशीर केलंस. मी म्हटलंय डोंबिवली गाठलंस."

"मासे आणायला गेलो होतो."

"बांगडे गावले?"

"गावले. संध्याकाळी कालवण करतो. जेवायला ये."

"तुका करूक येता?"

"नाय येत. तरी ये."

त्याने फडकं काढलं. छप्पर चपटं. मी पाटाजवळ बसलो. शाडू घेतला, पोट भरलं, अंगठा फिरवला, परत भरलं. मेस्त्री बाजूला बसून माझ्या हाताकडे बघत होता. खिडकीत त्याच्या सगळ्या ठोकळ्यांची रांग, जीप, व्हॅन, पाण्याचा टँकर. सगळे अख्खे. आणि त्यांच्या शेजारी तो खड्ड्याचा छोटा तुकडा, कापसात ठेवलेला, अजून कशातच न बसवलेला.

छप्पर झालं. मग डाव्या मडगार्डवर आलो. अंगठा आत गेला, बाहेर आला. सगळी गाडी एकदा धुतली, पुढून मागे. कुठेही अडकलं नाही. झाली होती. आता ह्यात एक रेघ करायची राहिली नव्हती.

मेस्त्रीलाही कळलं असणार. तो उठला. "चाय ठेवतंय," म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून स्टोकडे गेला. दुधाचं पातेलं शोधायला त्याला बराच वेळ लागला. पातेलं समोरच होतं.

मी त्याच्या पाठीकडे बघितलं. मग अंगठा छपरावर मागच्या बाजूला टेकवला आणि दाबला. चांगला दाबला. शाडू ओला होता, लगेच बसला.

तो दोन कप घेऊन आला. गाडीकडे बघितलं. छपरावर माझ्या अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट. तो त्याने बघितला, आणि तो बघताना मी त्याला बघितलं.

"परत बसला," मेस्त्री म्हणाला.

"बसलं," मी म्हटलं. "हादरे बसतात ना."

"व्हय. हादरे." त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला नाही. मग शालनच्या साडीचं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि गाडीवर नीट चारी बाजूंनी झाकलं. "उद्या बघूया."

"उद्या बघू," मी म्हटलं. "साखर कमी घातलीस."